विश्लेषण : बाहेरचा ‘एक्यूआय’ रोज कळतो, घरातल्या हवेचे काय?

अ‍ॅलर्जीच्या रुग्णाला ‘घर स्वच्छ ठेवा’ असे सांगितले जाते. पण गळकी गच्ची, निम्मीच उघडणारी खिडकी आणि तीच ती हवा फिरवणारा एसी यांवर झाडू-पोछ्याचा इलाज चालत नाही. अ‍ॅलर्जीचा प्रश्न औषधाइतकाच इमारतीचाही आहे. तो कसा?

सकाळी उठल्याबरोबर सलग आठ-दहा शिंका. नाक चोंदलेले, डोळ्यांना खाज, टाळूला खवखव. अंघोळ-चहा उरकून माणूस घराबाहेर पडला की तासाभरात सगळे शांत होते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पुन्हा तेच. दिवाळीत आठ दिवस गावी गेले तर तिथे गोळीची आठवणही होत नाही. मुंबई, ठाणे, पुण्यात असा माणूस नसलेली इमारत शोधावी लागेल.

डॉक्टर विचारपूस करून ‘धुळीची अ‍ॅलर्जी’ असे निदान करतात, गोळी आणि नाकात मारायचा स्प्रे देतात आणि घर स्वच्छ ठेवायला सांगतात. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. शिवाय तो प्रत्यक्षात घरातल्या बाईच्या अंगावर पडतो. पडदे धुवा, गाद्या झटका, कपाटामागे पुसा. एवढे करूनही शिंका थांबल्या नाहीत की दोष तिच्या साफसफाईला. भिंतीत मुरलेल्या पाण्याचा, बंद पडलेल्या एक्झॉस्ट फॅनचा किंवा डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीचा विषय कोणी काढत नाही.

घरातली ‘धूळ’ म्हणजे नेमके काय?

रस्त्यावरची धूळ आणि घरातली धूळ यांत फरक आहे. घरातल्या धुळीत कपड्यांचे तंतू, माणसाच्या त्वचेचे सुटलेले कण, बुरशीचे बीजाणू, झुरळांचे अवशेष, पाळीव प्राण्यांच्या अंगावरचा कोंडा आणि डस्ट माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. आपल्याकडे ‘धुळीची अ‍ॅलर्जी’ म्हणतात ती बहुतेकदा या माइटची असते.

माइटची लांबी जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर. तो चावत नाही. गादी, उशी, सोफा आणि गालिच्यात राहतो आणि आपल्या त्वचेच्या कणांवर जगतो. त्याच्या विष्ठेत पचनाचे काही प्रथिनयुक्त घटक असतात. अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचे शरीर त्यांना शत्रू समजते, रक्तातली ‘आयजीई’ प्रतिपिंडे जागी होतात, पेशींतून हिस्टामाइन सुटते आणि शिंका सुरू होतात. हीच प्रतिक्रिया श्वासनलिकांत झाली तर दम लागतो.

पण या गोष्टीतला सर्वांत कामाचा भाग वेगळाच आहे. माइट पाणी पीत नाही. त्याला लागणारे पाणी तो हवेतल्या बाष्पातून शोषतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. पावसाळ्यात मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. माइटच्या दृष्टीने जून ते सप्टेंबर हा सुगीचा हंगाम. म्हणजे ज्याला आपण धुळीचा प्रश्न म्हणतो तो निम्म्याहून अधिक ओलीचा प्रश्न आहे.

आजीच्या काळात एप्रिल-मेमध्ये गाद्या, उशा, गोधड्या कडक उन्हात टाकल्या जायच्या आणि काठीने झोडपल्या जायच्या. उन्हाने माइट सुकायचे, झोडपण्याने धूळ जायची. आता कित्येक सोसायट्यांच्या गच्चीला कुलूप असते आणि चावी मागितली की ‘कशाला हवी’ हा प्रश्न येतो. वॉशिंग मशीनमध्ये चादरी गार पाण्याने धुतल्या जातात. माइट मरायला मात्र साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसचे पाणी लागते.

झुरळांचेही असेच. त्यांची विष्ठा आणि अंगाचे तुकडे दम्याला चांगलेच चेतवतात. अमेरिकेतील आठ शहरांच्या गरीब वस्त्यांतील दमेकरी मुलांवर झालेला अभ्यास १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्या मुलांना झुरळांची अ‍ॅलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत झुरळांच्या कणांचे प्रमाणही जास्त होते, त्यांच्यावर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ इतर मुलांच्या तिपटीहून अधिक वेळा आली. झुरळ एका फ्लॅटचे कधीच नसते. ते ड्रेनेजच्या पाइपातून आणि डक्टमधून सगळ्या मजल्यांवर फिरते. एका घराने पेस्ट कंट्रोल केले की ते शेजारच्या घरी मुक्कामाला जाते आणि पंधरवड्याने परत येते.

ओल दिसते तेवढीच असते का?

भिंतीला पोपडे आले, कोपऱ्यात काळे ठिपके दिसले की बुरशी आली हे कळते. पण बुरशी आधी वाढते ती न दिसणाऱ्या जागी: बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटामागे, फॉल्स सीलिंगच्या वर, सिंकखालच्या प्लायमध्ये, बाथरूमच्या सामाईक भिंतीवर. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी आणि दमा यांचा धोका अधिक असतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बुरशी किती असली तर सुरक्षित, असा आकडा मात्र त्यात दिलेला नाही. ओलच होऊ देऊ नका आणि झाली तर तिचे कारण काढा, एवढेच सांगितले आहे.

पाणी कुठून येते याचा हिशेब साधा आहे. पावसात कपडे घरात वाळत घातले जातात. एका मशीनभर धुतलेल्या कपड्यांतून वाळताना साधारण दीड-दोन लिटर पाणी हवेत जाते. दहा बाय बाराच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. २७ अंश तापमानाला ती हवा पूर्ण संपृक्त झाली तरी त्यात जेमतेम ८०० ग्रॅम पाणी मावते. उरलेले पाणी जाणार कुठे? भिंतीत, गादीत, पुस्तकांत आणि कपाटातल्या कोटात.

रंगाने हे झाकता येते, बरे करता येत नाही. दिवाळीआधी पुट्टी-प्लास्टिक पेंट मारून भिंत चकचकीत केली जाते आणि पुढच्या जुलैत तोच नकाशा त्याच जागी उमटतो. गळती वरच्या मजल्याच्या बाथरूममधून की बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून, हे न शोधता केलेले रंगकाम म्हणजे पैसे पाण्यात. इथे तर अक्षरशः.

दम्याच्या काही रुग्णांत अ‍ॅस्परजिलस या बुरशीची अ‍ॅलर्जी फुप्फुसात घर करते आणि साध्या इनहेलरने आवरत नाही. त्यामुळे औषधे नियमित घेऊनही दमा हाताबाहेर जात असेल, तर ‘घरात ओल आहे का’ हा प्रश्न डॉक्टरने विचारायला हवा आणि रुग्णाने न विचारता सांगायला हवा.

एसी लावला की हवा शुद्ध होते?

नाही. हा गैरसमज इतका घट्ट आहे की एसी कसा चालतो ते आधी पाहायला हवे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, थंड करतो आणि खोलीतच सोडतो. बाहेरच्या युनिटकडून आत येते ती गॅसची तांब्याची नळी. हवेची नळी नव्हे. रात्रभर एसी चालला तरी बाहेरच्या हवेचा एक घोटही त्यातून आत येत नाही.

पुन्हा तीच ३२ घनमीटरची खोली घेऊ. झोपलेला प्रौढ माणूस ताशी साधारण १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघे मिळून २४ लिटर. दार-खिडक्या घट्ट बंद असतील तर या वायूचे प्रमाण दर तासाला सुमारे ७५० पीपीएमने वाढते. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ४२० पीपीएमच्या वर असते. म्हणजे फटी जवळपास नसतील तर दोन तासांत खोलीतला आकडा १९०० पर्यंत जातो. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीमुळे वाढ थोडी मंदावते, पण सकाळचा आकडा सुखाचा नसतोच.

कार्बन डायऑक्साइडने अ‍ॅलर्जी होत नाही. तो फक्त खोलीतली हवा किती शिळी आहे ते सांगतो. जर्मनीतल्या म्युनिकचे शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच १००० पीपीएम ही खोलीतल्या चांगल्या हवेची मर्यादा सुचवली होती. हवा बदलत नसेल तर माइटचे कण, मांजराच्या अंगावरचे कण, स्वयंपाकाचा धूर, नव्या फर्निचरमधून सुटणारे फॉर्माल्डिहाइड हे सगळेच खोलीत साठत जाते.

एसीची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सरसकट त्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. एसी हवेतले बाष्प काढतो आणि दमट किनारपट्टीवर माइटविरुद्ध ते मोठे काम आहे. पावसाळ्यात ‘ड्राय मोड’ याचसाठी असतो. गरजेपेक्षा मोठ्या क्षमतेचा एसी मात्र खोली पटकन गार करून थांबतो आणि बाष्प काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार, पण चिकट. त्यात थर्मोस्टॅट १८ वर ठेवला तर आणखी गंमत होते. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २४ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते. दार उघडून दमट हवा आत आली की गार पडलेल्या भिंतीवर, कपाटामागे ती पाणी सोडते. बुरशीला एवढे पुरते.

एसीची जाळी फक्त मोठी धूळ अडवते. तिच्यामागची कॉइल आणि पाण्याचा ट्रे कायम ओले असतात. एसी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटे येणारा कुबट वास तिथला असतो. जाळी पंधरा दिवसांनी घरी धुता येते, कॉइल मात्र मेकॅनिककडूनच साफ करून घ्यावी लागते. ‘सर्व्हिसिंग’ म्हणजे गॅस तपासणे असे समजणारे मेकॅनिकही कमी नाहीत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी कूलरची गोष्ट अधिक महत्त्वाची. फुप्फुसांच्या ऊतींना सूज येऊन त्या घट्ट होत जाणाऱ्या आजारांची एक देशव्यापी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतल्या २७ केंद्रांमधील १०८४ रुग्ण त्यात होते. त्यातील जवळपास निम्म्या रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या बुरशी, पक्ष्यांच्या कणांसारख्या गोष्टींविरुद्ध शरीराने दिलेली टोकाची प्रतिक्रिया, हा आजार होता. आणि त्यांपैकीही जवळपास निम्म्यांच्या बाबतीत संबंध सापडला तो कूलरशी. शिंकांच्या अ‍ॅलर्जीपेक्षा हा आजार वेगळा आणि कितीतरी गंभीर आहे. वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे पॅड महिनोन्‌महिने ओले राहते, टाकीतले पाणी बदलले जात नाही आणि पंखा त्यावरची बुरशी थेट झोपलेल्याच्या तोंडावर सोडतो. मुंबईत २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून जो वाद पेटला, त्यातही डॉक्टर याच आजाराबद्दल बोलत होते. कबुतरांवर चर्चा झाली. कूलरच्या पॅडवर मात्र कोणी मोर्चा काढला नाही.

मग खिडकी उघडी ठेवली की झाले?

इथे प्रश्न खरा अवघड होतो. खिडकी बंद ठेवली तर हवा शिळी, उघडली तर पावसाळ्यात ओल आत आणि हिवाळ्यात शेजारच्या बांधकामाची धूळ आत. ‘हवा खेळती ठेवा’ आणि ‘ओल येऊ देऊ नका’ हे दोन्ही सल्ले एकाच वेळी पाळता येत नाहीत. त्यामुळेच ही जबाबदारी एकट्या रहिवाशावर टाकणे अन्यायाचे आहे. ती बांधताना निभवायची गोष्ट आहे.

बांधकामाच्या नियमांना हे ठाऊक नाही असे नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत खिडक्यांचे क्षेत्रफळ हवामानानुसार सांगितले आहे: उष्ण-कोरड्या प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या किमान एक दशांश, उष्ण-दमट प्रदेशात किमान एक षष्ठांश. आता फ्लॅटमधली खिडकी पाहा. दोन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. नकाशावर जेवढी चौकट, तेवढी हवा कधीच येत नाही. जुन्या लाकडी खिडक्या दोन्ही पाखे उघडल्या की पूर्ण मोकळ्या व्हायच्या. त्यात बाल्कनी बंद करून खोलीत घेतली की मूळ खिडकी आतली होऊन बसते. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये, आणि त्या डक्टमध्ये कबुतरे, गळके पाइप आणि प्रत्येक मजल्याच्या एक्झॉस्टची हवा.

मुंबईत याचे टोक गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दिसते. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड यांसारख्या ठिकाणी इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा माहीत नाही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी तिथल्या घरांची रचना आणि क्षयरोगाचे प्रमाण यांचा संबंध दाखवून दिला होता. क्षय हा संसर्ग आहे, अ‍ॅलर्जी नव्हे. पण हवा न बदलणाऱ्या खोलीत फुप्फुसांचे काय होते, याचा तो पुरावा आहेच.

कार्यालयांची कहाणी उलट दिशेने तिथेच पोहोचते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ऊर्जा वाचवण्यासाठी बंद काचेच्या इमारतींत बाहेरची हवा घेण्याचे प्रमाण माणशी मिनिटाला ५ घनफुटांपर्यंत खाली आणले गेले. डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, नाक चोंदणे अशा तक्रारी इतक्या वाढल्या की ‘सिक बिल्डिंग सिंड्रोम’ हा शब्द रूढ झाला. १९८९ मध्ये तिथल्या अभियंत्यांच्या संघटनेने, ‘अ‍ॅशरे’ने, हे किमान प्रमाण तिप्पट, म्हणजे १५ घनफूट केले. आपल्याकडच्या काचेच्या टॉवरमध्येही सेंट्रल एसीला ताजी हवा घेण्याचा मार्ग असतो. वीजबिल वाचवण्यासाठी तो बंद ठेवणे ही देखभाल करणाऱ्यांची एका वाल्व्हची बाब. आत बसलेल्याला ते कळायचा मार्ग नाही. दुपारी तीनला डोळे मिटू लागले की तो कॉफी प्यायला उठतो.

उदबत्ती, कॉइल, फिनेल

यांनी बहुतेकदा अ‍ॅलर्जी होत नाही, पण आधीच सुजलेल्या नाकाला आणि श्वासनलिकांना हे धूर-वास भडकवतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छर कॉइलच्या धुराची मोजणी झाली. एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, सुटतात, तितके ७५ ते १३७ सिगारेटींतून सुटतात, असे त्यात आढळले. ही तुलना फक्त कणांच्या वजनाची आहे, सिगारेटच्या सगळ्या दुष्परिणामांची नाही. तरीही बंद खोलीत दमेकरी मुलाच्या उशाशी कॉइल लावण्याऐवजी मच्छरदाणी का बरी, हे त्यातून कळते. देवघरातली उदबत्ती बंद करा असे कोणी सांगणार नाही. ती पेटवताना खिडकी उघडी असावी, एवढे ऐकायला हरकत नसावी. फोडणी देताना चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू हवा आणि त्याचे तोंड खरोखर बाहेर निघायला हवे. कित्येक स्वयंपाकघरांत चिमणी धूर गाळून पुन्हा आतच सोडते.

जबाबदार कोण?

बाहेरच्या हवेसाठी देशात २००९ पासून सुधारित राष्ट्रीय मानके आहेत. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, २४ तासांची ६०. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे आकडे ५ आणि १५ आहेत, म्हणजे आपली मर्यादा सैलच. पण निदान आकडा आहे, मोजणारी यंत्रे आहेत आणि तो ओलांडला की बातमी होते. माणूस दिवसाचा बहुतांश वेळ ज्या हवेत काढतो त्या घरातल्या, शाळेतल्या, कार्यालयातल्या हवेसाठी कायद्याने बंधनकारक आकडा नाही. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इशरे’ या संघटनेने २०१६ मध्ये आतल्या वातावरणाचे मानक तयार केले, पण ते ऐच्छिक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी वायुवीजनाचा उल्लेख आहे. पण कार्यालयात ताजी हवा किती येते, हे मीटर लावून तपासणारा निरीक्षक कोणी पाहिलेला नाही.

हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असा एक युक्तिवाद होतो. भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. जगातल्या एकूण दमेकऱ्यांत आपला वाटा सुमारे १३ टक्के, तर दम्याने होणाऱ्या मृत्यूंत ४० टक्क्यांहून अधिक. या तफावतीचे मुख्य कारण उपचारांची कमतरता आहे हे खरे. पण ज्याला इनहेलर परवडत नाही, त्याचेच घर सर्वांत ओलसर आणि सर्वांत कोंदट असते.

इंग्लंडने हा प्रश्न एका मृत्यूनंतर हाताळला. रॉचडेल इथे आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशी अधिकाऱ्याने नोंदवला. कुटुंबाने तक्रारी केल्या होत्या. घर मात्र दुरुस्त झाले नव्हते. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात ‘आवाबचा कायदा’ म्हणून ओळखली जाणारी तरतूद आली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती लागू झाली. सामाजिक गृहनिर्माणातील घरमालक संस्थेला ओल आणि बुरशीच्या गंभीर तक्रारीची ठरावीक मुदतीत पाहणी करावी लागते आणि तातडीचा धोका २४ तासांत हाताळावा लागतो. रहिवाशाने ‘घर नीट पुसले नाही’ ही सबब चालत नाही.

आपल्याकडे असा कायदा नाही. पण हात अगदीच रिकामे आहेत असेही नाही आणि हे फार थोड्या फ्लॅटधारकांना ठाऊक असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची, पावसाच्या पाण्याच्या गळतीची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. शेवटच्या मजल्यावरच्या सभासदाला ‘तुमचे तुम्ही करा’ म्हणणारी समिती उपविधी मोडत असते. नव्या घरासाठी रेरा कायद्याचे कलम १४ आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला तर तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. भिंतीतून झिरपणारे पाणी हा असा दोष असू शकतो. सर्वांत उघड्यावर आहे तो भाडेकरू. अकरा महिन्यांच्या करारात रंगकामाचे पैसे कोणी द्यायचे ते असते, ओलीबद्दल एक ओळ नसते.

एअर प्युरिफायर घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, पण आधी नाही. चांगल्या हेपा फिल्टरमध्ये ०.३ मायक्रॉनचेही ९९.९७ टक्के कण अडकतात. धूर, परागकण, मांजराचे हलके कण यांवर तो उपयोगी आहे. माइटचे कण मात्र जड असतात. ते हवेत थोडाच वेळ राहतात आणि पुन्हा गादीवर बसतात. नाक उशीत आणि यंत्र कोपऱ्यात, अशी ती स्थिती. प्युरिफायर ओल कमी करत नाही आणि ताजी हवाही आणत नाही. ओझोन सोडून हवा ‘ताजी’ करणारी यंत्रे तर दमेकऱ्याच्या घरात नकोतच, ओझोन श्वासनलिकांना त्रास देतो.

हजारो रुपयांच्या यंत्राआधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्यावा. आकडा सतत ६० च्या वर असेल तर प्रश्न ओलीचा आहे. मग ड्राय मोड, गादी-उशीला माइटरोधक घट्ट विणीची खोळ, चादरी आठवड्याला कडक गरम पाण्यात, कपाट भिंतीपासून चार बोटे दूर, वाळते कपडे झोपायच्या खोलीबाहेर आणि बाथरूमचा एक्झॉस्ट अंघोळीनंतरही वीसेक मिनिटे चालू. कोरडा झाडू धूळ उडवतो, तेव्हा ओले फडके बरे. पाऊस उघडला, ऊन पडले की समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटे उघडाव्यात. एका खिडकीपेक्षा दोन्हीकडून आलेला वारा खोली लवकर धुऊन काढतो. नेमकी कशाची अ‍ॅलर्जी आहे हे त्वचेवरच्या चाचणीने कळते. ते न कळता मांजर सोडून देणे किंवा पडदे जाळणे व्यर्थ. आणि यातले काहीही केले तरी इनहेलर डॉक्टरांना न विचारता बंद करायचा नाही.

गळती असेल तर मात्र यातले काहीच पुरणार नाही. अशा वेळी भिंतीचा तारखेसह फोटो, आर्द्रतामापकाचे रोजचे आकडे आणि घरातल्या रुग्णाच्या डॉक्टरांचे पत्र जोडून संस्थेच्या सचिवाला किंवा बिल्डरला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो चार ‘गुड मॉर्निंग’खाली गाडला जातो. तक्रार पावसात द्यावी, कारण डिसेंबरमध्ये भिंत कोरडी दिसते आणि समिती पाहणी करून ‘काहीच नाही’ असा शेरा मारून जाते. नव्या घरात राहणाऱ्यांनी आधी ताबापत्रावरची तारीख काढून ठेवावी. पाच वर्षे तिथून मोजली जातात.